पाहुण्याचं स्वागत करा

गाडी लावायला येणाऱ्या माणसाला काय म्हणायचं, या एका प्रश्नावर पार्किंग ॲपच्या ऑफिसात सव्वादोन तास मीटिंग चालली होती. बिस्किटं संपली होती, फळ्यावरची जागा संपली होती, आणि सगळे आता शब्दवालीकडे पाहत होते.

शब्दवाली म्हणजे ॲपमधलं सगळं लिखाण करणारी. बटणावर काय लिहायचं, चूक झाली तर माणसाला न दुखावता कसं सांगायचं, पहिल्यांदाच ॲप उघडणाऱ्याचं बोट धरून त्याला आत कसं न्यायचं, हे सगळं तिच्याकडे असे. तिचा हुद्दा कार्डावर दोन ओळी खायचा, म्हणून सगळे शब्दवालीच म्हणत. तिचीही काही हरकत नव्हती.

आजवर हे ॲप फक्त सार्वजनिक पार्किंगच्या जागा दाखवायचं. पाच आठवड्यांनी येणाऱ्या नव्या आवृत्तीत मात्र ज्याच्या घराखाली रिकामी जागा आहे, त्याला ती दोन-चार तासांसाठी परक्या गाडीला देता येणार होती. तर त्या परक्याला म्हणायचं काय?

"ग्राहक लिहू," विक्रीवाला म्हणाला.

"ग्राहक दुकानात येतो. हा कुणाच्या तरी दारात येणार," शब्दवाली म्हणाली.

"मग भाडेकरू."

"भाडेकरू म्हटलं की जागामालकाच्या पोटात गोळा येतो. एकदा शिरला की कोर्टात गेल्याशिवाय निघत नाही."

"वापरकर्ता?" डिझायनर म्हणाली आणि तिनं स्वतःच नकारार्थी मान हलवली.

"पाहुणा," शब्दवाली म्हणाली. "पाहुणा येतो, घटकाभर थांबतो, जातो. मुख्य म्हणजे जातो."

खोलीत जरा बरं वाटल्यासारखं झालं. पण अजून साहेब बोलायचे होते. ते या आवृत्तीचे प्रमुख. जेवायला चला म्हटलं तरी 'ऐंशी टक्के भूक आहे' म्हणणारे, म्हणून पाठीमागे त्यांचं नाव टक्केसाहेब.

"पाहुणा लिहिल्यानं किती टक्के जास्त लोक जागा देतील?"

"चौदा," ती म्हणाली. समोरच्या कॅलेंडरवर चौदा तारीख होती.

"मग पाहुणाच," टक्केसाहेब म्हणाले, आणि मीटिंग सुटली.

त्या आठवड्यात तिनं त्रेसष्ट वाक्यं लिहिली. जागामालकाला ॲपची ओळख करून देणारे चार पडदे, म्हणजे स्क्रीन, होते : जागा दाखवा, वेळ ठरवा, पाहुण्याचं स्वागत करा, निरोप द्या. तिसऱ्या पडद्यावर तिनं हौसेनं दोन ओळी जास्त घातल्या. 'गेटपाशी भेटा, दोन शब्द बोला. पाहुण्याला घरच्यासारखं वाटू द्या.' डिझायनरनं त्याखाली हात जोडलेला एक छोटा माणूस काढला. दोघी खूश होत्या.

आता हे सगळं बाहेर सोडण्याआधी खऱ्या माणसांवर करून पाहायचं होतं. बारा जागामालक हवे होते. अकरा मिळाले. बारावा मिळेना. आणि बारावी जागा तर रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्या डोळ्यांसमोर होती.

ती जागा सासऱ्यांची. सासरे जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. डोळ्यांनी दगा दिल्यावर तीन वर्षांपूर्वी त्यांनी गाडी विकली, पण जागा तशीच राखून ठेवली. दोन बाजूंना रंगाचे दोन रिकामे डबे, मध्ये दोरी. इमारतीतल्या निम्म्या लोकांनी मागून पाहिली, सगळ्यांना नकार. परक्यांचं सोडा, पोटच्या मुलालाही नकार. कारण त्याची गाडी जागेपेक्षा अकरा सेंटीमीटर लांब होती आणि शेपूट येण्याजाण्याच्या वाटेवर आलं असतं.

"अहो बाबा, अकरा सेंटीमीटर म्हणजे वीतसुद्धा नाही!" शब्दवालीचा नवरा म्हणाला होता.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत आणि जागा पाहून गाडी घ्यावी," सासरे म्हणाले होते. तेव्हापासून तो बिचारा दोन गल्ल्या पलीकडे, शाळेच्या भिंतीला गाडी लावून सात मिनिटं चालत घरी येत असे.

अशा माणसापुढे ॲपचा विषय काढायचा म्हणजे वाघाला आंघोळ घालण्यासारखं. पण सासरे तिचं बोलणं ऐकून घेऊन म्हणाले, "तुझ्या कामाचं आहे ना? मग दे इकडे."

सासूबाई मात्र आतून म्हणाल्या, "घरचं झालं थोडं, सुनेच्या ऑफिसानं धाडलं घोडं!"

अशा चाचणीचा नियम असा की, ॲप करून पाहणाऱ्याला मदत करायची नाही. फक्त शेजारी बसायचं आणि तो कुठे अडतो ते वहीत टिपायचं. शब्दवाली वही घेऊन बसली. सासऱ्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या शब्दापासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"'तुमचं ठिकाण जाणून घेण्याची परवानगी द्याल का?' किती अदबीनं विचारलंय बघ. खात्यात कुणी असं विचारलं नाही मला. देतो." मग खाली बोट नेलं. "'वगळा.' काय वगळू?"

"मला सांगता येणार नाही, बाबा."

"का, घसा बसला?"

"नाही, नियम आहे."

"मग बरोबर," सासरे म्हणाले. नियम म्हटला की त्यांचं लगेच समाधान होई. "पण मी काही वगळत नाही. वगळायचं होतं तर लिहिलंत कशाला?"

पुढच्या पडद्यावर 'जागेची लांबी, अंदाजे' असं होतं. तिथे गाडी अडली.

"अंदाजे?" ते म्हणाले. "सूनबाई, अंदाज न करण्याचा पगार घेतलाय मी छत्तीस वर्षं."

ते उठले, कपाटातून पोलादी टेप काढली आणि खाली गेले. जागेचा फोटो मागितला होता, त्यात प्रमाण कळावं म्हणून सासूबाईंना मोजणीची काठी धरून उभं केलं. लांबी पाच मीटर बारा, रुंदी दोन मीटर सत्तेचाळीस. इतर अकरा जणांना जे काम सहा मिनिटांत जमलं होतं, त्याला सासऱ्यांना एक तास चाळीस मिनिटं लागली. तिसरा पडदा त्यांनी दोनदा वाचला.

"घरच्यासारखं वाटू द्या," ते हळूच म्हणाले. "हे चांगलं लिहिलंयस."

शब्दवालीचे कान सुखावले. तिनं वहीत लिहिलं : तिसरा पडदा समजला.

चाचणी सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि सोमवारी टक्केसाहेबांनी भिंतीवर आलेख लावला. प्रत्येक जागेवर गाडी साधारण किती वेळ थांबते, ते दाखवणारे बारा खांब. अकरा खांब गुडघ्याएवढे. बारावा छतापर्यंत.

"जागा क्रमांक बारा," टक्केसाहेब म्हणाले. "दाताच्या दवाखान्याशेजारी आहे. तिथे येणाऱ्या माणसाचं काम वीस मिनिटांचं. गाडी उभी राहते चौऱ्याण्णव मिनिटं. का? ऐका आता." आणि ते लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचू लागले.

"'गाडी लावायला दोन मिनिटं, निरोप घ्यायला पस्तीस.' 'जागा उत्तम. चहा सक्तीचा.' 'काकांनी माझी गाडी मोजली आणि कंपनी सांगते त्यापेक्षा दोन सेंटीमीटर कमी भरली, असं सहीनिशी लिहून दिलं.' 'माझं लग्न का जमत नाही यावर काका-काकूंनी चर्चा केली. चर्चा बरी झाली. पाच तारे.'" ते थांबले. "आणि हा शेवटचा : 'पार्किंग नको, पण काका आवरा!'"

सगळं ऑफिस खो-खो हसलं. शब्दवालीही हसली, पण जरा उशिरा आणि जरा जास्त. जागा क्रमांक बारा कुणाची आहे, हे तिनं ऑफिसात सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिनं विषय काढला. "बाबा, तुम्ही लोकांना वर बोलावता?"

"तूच लिहिलंयस की. पाहुणा. घरच्यासारखं. गेटवर उभं करून परत पाठवू का पाहुण्याला? जनाची नाही तर मनाची तरी!"

लिहिणारी तीच होती. आणि खरं सांगायचं तर, घरात तिला वेगळंच काहीतरी जाणवत होतं. सासरे सकाळीच दाढी करून इस्त्रीचा शर्ट घालून बसत. सासूबाई कुरकुर करत चहाची भांडी विसळत, पण साडेदहाला खिडकीत जाऊन डोकावत. "तो चष्मेवाला येणार होता ना आज?" चष्मेवाला म्हणजे दवाखान्यांना चष्म्याच्या फ्रेमा विकणारा एक फिरता विक्रेता. पहिल्याच भेटीत त्यानं सासऱ्यांच्या चष्म्याचा सैल स्क्रू आवळून दिला होता. दुसरी होती ती पोहायला शिकवणारी. दातांना नुकतीच तार लावली होती आणि सुरुवातीचे काही आठवडे ती आवळून घ्यायला दर मंगळवारी यायची. त्या दिवशी तिला काही चावता येत नसे, म्हणून सासूबाई तिच्यासाठी मऊ भात करून ठेवत. ती काकूंना श्वास रोखायला शिकवत होती. पाण्याशिवायच, खुर्चीत बसून.

बुधवारी दुपारी टक्केसाहेब शब्दवालीच्या टेबलापाशी आले. "क्रमांक बारावर मी स्वतः गाडी लावून पाहणार आहे. नाव न सांगता. तूही चल. तुझे शब्द प्रत्यक्षात कसे चालतात ते बघू."

तिनं पटकन घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला. "त्यांना देऊ? छे गं. पाहुणे असताना ते फोन घेत नाहीत," म्हणाल्या आणि ठेवून दिला.

टक्केसाहेबांची गाडी नवीकोरी, काळी, आरशासारखी. गेटपाशी सासरे उभेच होते. शब्दवाली पुढच्या सीटवर पर्स चेहऱ्यासमोर धरून खाली घसरली. सासऱ्यांनी गाडीकडे एक नजर टाकली, भुवया उंचावल्या आणि खिशातून टेप काढली.

"सूनबाई," ते शांतपणे म्हणाले, "आलीच आहेस तर जरा उतर आणि मागच्या बंपरला टेप धर."

"सूनबाई?" टक्केसाहेबांनी विचारलं.

शब्दवाली उतरली. मागच्या बंपरपाशी वाकून तिनं टेपचं टोक धरलं. निदान तिथून साहेबांचं तोंड दिसत नव्हतं.

"पाच मीटर सोळा," सासरे म्हणाले. "चार सेंटीमीटर जास्त. जमायचं नाही."

"पण ॲपनं मला ही जागा दिली आहे!"

"ॲपनं तुमची गाडी पाहिलेली नाही. मी पाहिली."

"चार सेंटीमीटर म्हणजे शून्य पॉइंट आठ टक्के!" टक्केसाहेब कळवळून म्हणाले.

"अहो, वाटेवरून जाणाऱ्याच्या नडगीला टक्के कळत नाहीत," सासरे म्हणाले. मग त्यांचा आवाज मऊ झाला. "रागावू नका. पाहुणे तुम्ही आहात, गाडी नव्हे. गाडी दोन गल्ल्या पलीकडे शाळेच्या भिंतीला लावा आणि तुम्ही वर या. चहा टाकायला सांगतो."

आणि खरोखर, पार्किंग ॲपच्या नव्या आवृत्तीचा प्रमुख दोन गल्ल्या पलीकडे गाडी लावून, भर दुपारी सात मिनिटं चालत, पार्किंगच्या जागेवर परत आला.

वर चष्मेवाला बसला होता. खाली जागा रिकामी होती आणि हा वर कसा, असं टक्केसाहेबांनी विचारलं. "आज गाडी आणलीच नाही," तो म्हणाला. "इकडून जात होतो, म्हटलं डोकावून जावं." टक्केसाहेबांनी हे टिपून घ्यायला फोन काढला, पण तेवढ्यात सासूबाईंनी त्यांच्या हातात कप दिला आणि फोन ठेवायला जागा उरली नाही.

"कुठे काम करता?" सासऱ्यांनी विचारलं.

शब्दवालीनं डोळे मिटले. साहेबांनी खरं ते सांगितलं.

"अस्सं! मग ते 'अंदाजे' तुम्हीच घातलंत?" सासरे खुर्ची पुढे ओढून बसले. "बारापैकी किती जागांवर गाडी बसली नाही म्हणून भांडणं झाली?"

टक्केसाहेबांनी आठवून पाहिलं. "पाच."

"म्हणजे किती टक्के, ते तुम्हीच सांगा."

साहेब तिथून निघाले तेव्हा एक तास पन्नास मिनिटं झाली होती आणि त्यांची चार वाजताची मीटिंग कधीच बुडाली होती. शब्दवालीनं मनातल्या मनात राजीनाम्याचं पहिलं वाक्य रचून ठेवलं. चांगलं जमलं होतं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगच्या सुरुवातीला टक्केसाहेब म्हणाले, "काल घरी जाऊन गाडी मोजली. पाच सोळाच आहे." मग घसा खाकरला. "'अंदाजे' काढून टाका. 'टेपनं मोजा' लिहा. आणि पाहुणासुद्धा काढा."

"पण लोकांना आवडलंय ते," डिझायनर म्हणाली.

"आवडलंय! पण एका गाडीला दोन-दोन तास लागले तर दिवसाला किती गाड्या लागणार? मलाच निघवेना तिथून. गाडीवाला लिहा. साधं, सरळ."

शब्दवालीचा राजीनामा टळला आणि शब्द गेला. तिसरा पडदा नव्यानं लिहिला : 'गाडीवाल्याला जागा दाखवा.' बाकीच्या ओळी गेल्या. हात जोडलेल्या माणसाच्या जागी डिझायनरनं बाण काढला.

हे तिनं त्याच संध्याकाळी घरी सांगितलं. सासऱ्यांनी नवा पडदा वाचला, दोनदा वाचला.

"म्हणजे फक्त जागा दाखवायची."

"हो, बाबा."

"बोलायचं नाही."

"असं काही लिहिलेलं नाही…"

"आधी लिहिलं होतं. आता काढलंय. खात्याचं परिपत्रक आलं की पाळायचं असतं, सूनबाई," ते म्हणाले आणि टेप कपाटात ठेवून दिली. जागेची मापं आता ॲपमध्ये होतीच.

त्यानंतर ते अक्षरशः तेवढंच करू लागले. गाडी आली की गेटपाशी उभे राहायचे, मोजणीच्या काठीनं जागेकडे बोट दाखवायचे, गाडी गेली की बटण दाबायचे. तोंडातून एक शब्द नाही. आलेखातला बारावा खांब तीन दिवसांत गुडघ्याएवढा झाला. चष्मेवाला एकदा येऊन गेला आणि 'काका आजारी आहेत का?' असं अभिप्रायात लिहून गेला. सासूबाई दोन दिवस म्हणाल्या, बरं झालं, हात मोकळे झाले. तिसऱ्या दिवशी मोकळ्या हातांचं काय करावं ते त्यांना सुचेना आणि त्यांनी घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

मंगळवार उजाडला. त्याच दिवशी नवी आवृत्ती बाहेर पडायची होती. शब्दवाली पहाटेच ऑफिसात गेली. इकडे साडेदहाला पोहायला शिकवणारी आली. सासऱ्यांनी काठीनं जागा दाखवली.

"कसे आहात, काका?"

काका गप्प. काठी जागेकडे.

"काका?"

काठी जरा हलली, पुन्हा जागेकडे.

तिनं गाडी तशीच वाटेत सोडली आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर धावली. बुडत्या माणसाला बाहेर काढायचं शिक्षण घेतलेली ती बाई. "काकू! काकांची वाचा गेलीय! एक हात वर आहे, दुसरा हलतच नाहीये! दवाखान्यात फोन करा!"

"काही झालेलं नाही गं त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "परिपत्रक आलंय."

सगळा प्रकार कळल्यावर ती खाली आली आणि कमरेवर हात ठेवून सासऱ्यांसमोर उभी राहिली. "काका, इथे तुम्ही माझ्याशी बोलायचं नाही, बरोबर?"

सासऱ्यांनी मान डोलावली.

"मग माझ्या घरी चला. तिथे कसलंही ॲप नाही. दात आवळून येते, तोवर दोघं तयार व्हा."

संध्याकाळी साडेसहाला शब्दवाली घरी आली. दिवस बरा गेला होता. दुपारपर्यंत तीनशे लोकांनी जागा नोंदवल्या होत्या आणि टक्केसाहेबांनी तिच्याशी हस्तांदोलन केलं होतं. घराला कुलूप होतं, आणि घरी नेहमी कुणीतरी असे म्हणून ती आणि नवरा किल्ली कधी नेत नसत. ॲपमध्ये जागा क्रमांक बारा 'आज बंद' दाखवत होती. ती कारण न देताही बंद करता येते, पण सासऱ्यांनी कारणाचा रकाना भरला होता : 'बाहेर बोलावणं आहे.'

ती जिन्याच्या पायरीवर बसली. नवरा सात मिनिटं चालून आला आणि तिच्या शेजारी बसला. "आई-बाबा कुठे गेले?" तो म्हणाला. "कुठल्याही नातेवाइकाकडे ते दोन वर्षांत गेले नाहीत."

"पोहायला शिकवणारीकडे. आत्ताच आईंना फोन केला होता."

"ती कोण?"

"पाहुणी," ती म्हणाली, आणि मग, सवयीनं, "गाडीवाली."

आठ वाजता एक छोटी निळी गाडी गेटपाशी थांबली. आधी सासूबाई उतरल्या. केस ओले, चेहरा लाल आणि काखेत दुसऱ्या कुणाचा तरी टॉवेल.

"अठ्ठावीस सेकंद!" त्या मुलाला आणि सुनेला म्हणाल्या. "पाण्याखाली! डोळे उघडे ठेवून!"

सासरे मागून उतरले. वाटेत तोंड एक क्षणही बंद नसावं, कारण गाडीतलं वाक्य ते अजून पुरं करत होते. "…आणि तुमच्या तलावावर पंचवीस मीटर लिहिलंय, तो चोवीस मीटर नव्वद आहे. मी काठावरून पावलं टाकून पाहिली. पावलांचा काय भरवसा म्हणा. पुढच्या मंगळवारी टेप घेऊन येतो."

"या की, काका," पोहायला शिकवणारी हसत म्हणाली. तिच्या दातांची तार चमकली. "पण तलाव कमी भरला तर लोकांनी लावलेले विक्रम रद्द होतील हां."

"होऊ देत," सासरे म्हणाले, आणि शब्दवालीकडे वळले. "सूनबाई, चहा टाकतेस? हिला उशीर झालाय, पण दोन मिनिटं बसेल ती."

पोहायला शिकवणारीनं गाडी नीट जागेत लावली आणि ती सव्वानऊपर्यंत बसली.